सातवीची ओटी

३ नोव्हेंबर, देवास

आले बाई एकदाची! इंदूरहून बसमध्ये चढले तेव्हा माझ्या बॅगेवर कुणीतरी लसणीचं पोतं ठेवलं होतं, त्यामुळे सगळे कपडे आता फोडणीला तयार आहेत. पण खोली झकास मिळाली. वरच्या मजल्यावर, समोर गच्ची, आणि गच्चीतून थेट माता टेकरी दिसते. घरमालकीणबाईंनी आल्याआल्या पोहे-जिलेबी पुढे केली. पोह्यांबरोबर जिलेबी! मी नाशिकची, आधी हसू आलं, मग दुसरी बशी मागून घेतली.

शाळाही पाहिली. पोहण्याचा तलाव नवाकोरा, वर छप्पर, पाणी कोमट. मुलांना शिकवायचं आणि उरलेल्या वेळात एकटीने पोहायचं, आणखी काय हवं? नवल एवढंच की मुलाखत झालीच नाही. फोन आला, पगार सांगितला, कधी येता विचारलं. माझं नाव कुठून कळलं हे विचारायचं राहूनच गेलं.

पार्वतीआईला मात्र हे गाव अजिबात पसंत नाही. देवास म्हटल्यावर तिचा चेहरा उतरला. दुसरीकडे बघ म्हणाली, कारण सांगेना. मी तिच्या पोटची नाही हे मला कळायला लागल्यापासून माहीत आहे, तिने ते कधी लपवलं नाही. पण ह्या एका बाबतीत तोंड घट्ट मिटून बसली. मी रागावून निघाले. माझा राग लोणच्यासारखा आहे, लगेच लागत नाही, मुरतो. पोचल्यावर फोन केला तेव्हा आईनेच आधी विचारलं, जेवलीस का. गेला राग.

९ नोव्हेंबर

मुलं गोड आहेत. सगळी मला मॅम म्हणतात आणि एकमेकांना भिया, म्हणजे भाऊ.

आज शाळा सुटल्यावर मी तळाशी जाऊन निवांत पडून राहिले होते. मला पाण्याखाली श्वासाची घाई होत नाही, लहानपणापासूनच. वर आले तर काठावर एक माणूस बूट काढून उडी मारायच्या बेतात. शाळेच्या विश्वस्तांपैकी एक, यशराज. त्याला म्हणे ‘लागलं’ की मॅम बुडाल्या. ह्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात, पण शाळा हिंदीतली, त्यामुळे त्याचं मराठी अर्ध्या वाटेवर गाडी बदलतं. मी इथे खूश आहे का, हे त्याने ‘तुम्ही मजेत राहून राहिल्या ना’ असं विचारलं. मी हसले, तर तोही हसला. मोजे ओले झाले होते, तेच घालून गेला.

दिसायला बरा आहे. बरा कसला, चांगलाच आहे. खोटं कशाला लिहू?

१६ नोव्हेंबर

आज आधी आनंदाचं लिहिते.

रोज संध्याकाळी मीठा तालाबच्या काठाने आमच्या फेऱ्या चालल्या होत्याच. आज दुपारी तो गच्चीवर आला. मी केस वाळवत बसले होते. त्याने माझे केस मानेवरून बाजूला केले आणि ओल्या मानेवर ओठ टेकले, तशी माझी सगळी पाठ उमलली. मग मी वळले. किती वेळ गेला ठाऊक नाही. त्याच्या सदऱ्याची बटणं माझ्या हाताला लागत होती, त्याची छाती तापली होती आणि माझे हात गार. बाजूला झाला तेव्हा त्याच्या ओठांवरून पाणी ओघळत होतं. थेंब दोन थेंब नव्हे, चांगली धार. हसत म्हणाला, माठाला तोंड लावून प्यायल्यासारखं वाटलं. मलाही हसू आलं. माझे केस मात्र सूर्य डोक्यावर असून वाळले नाहीत.

लग्नाचं त्यानेच काढलं. एवढ्या लवकर? मी म्हटलं, विचार कर. तो म्हणाला, विचार केव्हाच झाला. त्याची आई मागच्या वर्षी गेली, घरात सवाष्ण नाही, वडील शिवाजीराव आणि आत्या अक्का दोघेही वाट पाहताहेत. मला हे गोड वाटलं.

आईला फोन केला. तिने घराण्याचं नाव विचारलं, शेत कुठे आहे ते विचारलं. धारजवळ, म्हटलं. फोन बंद. मग तिनेच पुन्हा केला. लग्न नको म्हणाली नाही. एवढंच म्हणाली की त्यांच्या शेतावरच्या बावडीत पाय घालू नकोस. मी विचारलं, बावडी आहे हे तुला कसं माहीत? तर म्हणाली, मालव्यात सगळ्यांच्याच शेतावर असते.

२३ नोव्हेंबर, धारजवळ, शेतावर

काल देवासला साखरपुडा झाला. आई आली नाही, ताप आहे म्हणाली. आज सगळे इथे आलो, कारण ह्यांच्याकडे रीत आहे, नव्या सुनेने शेतावरच्या साती आसरांची, पाण्यातल्या सात देवींची, ओटी भरायची. साखरपुडा झाला म्हणजे घरची झाली, असं अक्का म्हणाल्या. अक्का शिवाजीरावांच्या थोरल्या बहीण. पांढरं लुगडं, बोलणं जुन्या वळणाचं, मला ‘सूनबाई’ आणि ‘अहो’ म्हणतात. माझ्याकडे एकटक बघतात आणि मी बघितलं की मान वळवतात.

घर नवं आहे, टाइल्स, सोलर, मोठं स्वयंपाकघर. भोवती गव्हाची पेरणी नुकतीच झालेली, काळ्या मातीत कोवळी हिरवी रेघ. बावडी मागच्या अंगाला. खोल, पायऱ्यांची, आणि पाणी इतकं स्वच्छ की मला तहान लागली. काठाच्या कोनाड्यात सात दगड मांडलेत. सहांना शेंदूर, डोळे, हिरव्या बांगड्या. सातवा भिंतीकडे तोंड करून, त्याच्याभोवती गंजलेली लोखंडी तार. मी यशराजला विचारलं. तो म्हणाला, सातवी जरा कोपिष्ट आहे. मी म्हटलं, मग माझं तिच्याशी जमेल.

आता गंमत. अक्कांनी सूप तयार ठेवलं होतं. खण, नारळ, हळदकुंकू, बांगड्या, गहू. सहा खणांवर गहू नेहमीसारखा. सातव्या खणावरचा गहू तांबूस, हुंगून पाहिला तर भाजलेला! ओटीत भाजलेलं धान्य कोण घालतं? लहान मुलीलाही कळतं, ओटी कच्च्या धान्याची, रुजेल अशी. स्वयंपाकघरातल्या बाईंनी लाडवासाठी भाजून ठेवलेला चुकून घेतला असणार. चारचौघांत कुणाचा पाणउतारा कशाला, म्हणून मी गुपचूप तो गहू कोंबड्यांना टाकला आणि कोठीतल्या पोत्यातून ओंजळभर नवा घेतला. तार सोडवली नाही, पण खण तारेखालून सरकवला आणि ओटी भरली. साग्रसंगीत. सातवीच्या दगडाला हात लागला तर तो कोमट होता, उन्हात नसतानाही.

शिवाजीराव लांब उभे होते. परत येताना त्यांनी मला पहिल्यांदा नीट हसून आशीर्वाद दिला. माणूस रुबाबदार आहे, पण बावडीच्या कठड्याजवळ येत नाही.

२७ नोव्हेंबर, देवास

काहीतरी बिनसलंय. लिहून काढते म्हणजे मोकळं वाटेल.

न्हाणीघराच्या फरशीचा उतार मोरीकडे आहे. आज अंघोळीचं पाणी मोरीकडे गेलंच नाही. वळलं आणि माझ्या पावलांभोवती येऊन थांबलं. मी कोपऱ्यात सरकले, तर तिकडे आलं. टॉवेल चार दिवस झाले तरी ओला. पोहायला उतरले आणि वर यायचं विसरले, मुलं रडायला लागली म्हणून वर आले. श्वासाची आठवणच झाली नव्हती.

दुपारी यशराजचा फोन. शेतावरच्या रखवालदाराने त्याला कळवलं, सातवीच्या खणातला गहू उगवलाय, चांगला बोटभर, आणि तार तुटून पडली आहे. मी म्हटलं, बरं झालं की, शुभच आहे. त्याने विचारलं, गहू कुणी बदलला? मी बदलला म्हणून सांगितलं, आणि भाजलेला कसा चालेल असंही विचारलं. त्याने फोन ठेवला. मला राग आला.

१ डिसेंबर

तो आला. माफी मागितली. मला जवळ घेतलं आणि मी सगळं विसरले. त्याच्या हातांना मी नाही म्हणू शकत नाही, हे माझं दुखणं आहे. गच्चीच्या खोलीत दुपारभर पडदे ओढलेले. त्याच्या खांद्याला मी दातांनी धरलं होतं. मला वाटलं, ह्या माणसाच्या आत शिरून राहावं.

मग तो गुदमरला. माझा मुका घेत असताना. उताणा पडला, तोंडातून, नाकातून पाणी. ताजं, गार, त्याला काळ्या मातीचा वास. मी पालथा घातला, पाठीवर दाब दिला, आम्हाला शिकवलेलं सगळं केलं. घागरभर पाणी निघालं असेल. श्वास आल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं.

नवल वाटलेला माणूस असा बघत नाही. त्याला ह्याची कल्पना होती.

तेवढ्यातही म्हणाला, लग्न ह्याच आठवड्यात करू, कोर्टात जाऊन सही करून टाकू.

३ डिसेंबर

शिवाजीराव गेले.

गाडीत होते, इंदूरच्या रस्त्यावर, काचा बंद. ड्रायव्हरने सांगितलं, साहेब एकाएकी हात मारायला लागले, पोहतात तसे. सीट कोरडी, कपडे कोरडे. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी. बुडून मेलेल्या माणसाच्या छातीत असतं तसं.

मला दुःख व्हायला हवं होतं. खरं सांगते, आतून कुणीतरी हसलं. ते हसू माझं नव्हतं — किंवा होतं.

५ डिसेंबर

आज अक्का माझ्या खोलीवर आल्या. एकट्या, रिक्षाने. पाण्याचा पेला पुढे केला तर दचकून मागे सरल्या. मग बोलल्या. मी सगळं लिहिते, जसं ऐकलं तसं.

शेतावर गणोजी नावाचा माणूस होता. विहिरींवरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचा. बावडीतली सातवी त्याच्यासाठी वर यायची. शिवाजीराव आधी कितीतरी महिने काठावर बसले होते, दागिने घेऊन, अत्तर लावून, त्यांना तिने केस देखील दिसू दिले नाहीत. आणि एका मोटार दुरुस्त करणाऱ्यापायी पायऱ्यांवर येऊन बसायची, त्याचे काळे हात आपल्या पदराने पुसायची. तिला दिवस गेले. मूल झालं. त्याच आठवड्यात शिवाजीरावांनी गणोजीला खाली पाठवलं. मोटार बंद आहे म्हणून सांगितलं. तो कमरेएवढ्या पाण्यात उतरला, आणि शिवाजीरावांनी वरून मोटारीचं बटण दाबून पाण्यात वीज सोडली.

गणोजी माझा बाप.

सातवी त्याच दिवशी घर बुडवणार होती. शिवाजीरावांना जुनी गोष्ट ठाऊक होती. आसरेला ओटी नाकारता येत नाही, आणि ओटीतलं धान्य उगवेपर्यंत ती त्या घराची माहेरवाशीण, घराला हात लावता येत नाही. अक्का तेव्हा सवाष्ण होत्या, माहेरी आलेल्या. त्यांनीच ओटी भरली. भाजलेल्या गव्हाची. भाजलेलं कसं उगवेल? पुढे दर वर्षी, जुना गहू किडून संपण्याआधी, यशराजच्या आईने भरली. सातवीने ओटी घेतली, डोळे मिटले, आणि मूल अक्कांच्या पदरात टाकलं. म्हणाली, ह्या घरात वाढवू नकोस. अक्कांनी मला सोनकच्छला, तिथल्या ओळखीच्या नर्सबाईंकडे नेऊन दिलं. तीच माझी पार्वतीआई. मला घेऊन नाशिकला गेली ती परत फिरलीच नाही.

अक्का रडत होत्या. मी रडले नाही. मी विचारलं, मग मला इथे कुणी आणलं?

मागच्या वर्षी यशराजची आई गेली, ओटी चुकली. बावडीचं पाणी रातोरात तीन पायऱ्या चढलं. शिवाजीराव घाबरले. आसरा लेकीच्या सासरच्यांना कधी हात लावत नाही. म्हणून त्यांनी अक्कांकडून पत्ता काढून घेतला, आणि लेकाला पाठवलं. नोकरी त्याने दिली. काठावर बूट काढून उभा राहिला तोही त्याचाच बेत.

सगळं ठरवून. माझ्या मानेवर ओठ टेकले, तेही —

६ डिसेंबर

आईला फोन केला. ती नुसती रडली, मग म्हणाली हो. तिच्यावर राग नाही. तिने मला वाढवलं, बाकी सगळ्यांनी वापरलं.

यशराज आला. सुतकात सही करायला चल म्हणतो. बाप जाऊन जेमतेम तीन दिवस झाले! कागद तयार, साक्षीदार तयार. अक्कांनी मला काही सांगितलंय हे त्याला ठाऊक नाही. मी म्हटलं, आधी मला शेतावर ने. आसरांना सांगून येऊ दे. लगेच कबूल झाला. मला खूश ठेवायला तो काहीही कबूल करेल.

आणि तरी, बोलताना त्याने माझं बोट धरलं तेव्हा मी ते सोडवून घेतलं नाही — शी.

७ डिसेंबर, शेतावर

सकाळी एकटी बावडीत उतरले. पाय घातला. आई, पार्वतीआई, माफ कर.

खाली उजेड होता. हिरवा, गव्हाच्या कोंबांसारखा. ती आली. तिला चेहरा आहे, माझाच. तिने माझे केस विंचरले बोटांनी. बोलली नाही, पण कळत होतं. माझ्या बरगड्यांवर हात फिरवला आणि तिथली कातडी उघडली, दुखलं नाही, श्वास आत आला. पाण्याचा श्वास. इतकं बरं मला जन्मात वाटलं नाही. बाकी सहाजणी लांब उभ्या राहून बघत होत्या.

तळाशी गणोजीचा मोटारी खोलायचा पान्हा आहे. गंजलेला. तिने जपून ठेवलाय.

तिने तो माझ्या हातात दिला.

तिचा माणूस, शिवाजीराव, तिला मिळाला. दुसरा, यशराज, माझा, असं तिच्याकडून कळलं. तुझा तू ठरव.

८ डिसेंबर

बोटांना पेन धरवत नाही. अक्षरं पसरतात.

मला भीती वाटते. तिची नाही — माझी. तो समोर आला की पाणी आवाज करतं, आत, कानांत. तो झोपाळ्यावर बसून फोनवर बोलत होता आणि मी त्याची मान बघत होते. प्रेमाने बघत होते? दोन्ही. दोन्ही एकदम असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

ठरवलं. एक प्रश्न विचारीन. तुला आधीपासून माहीत होतं का? हो म्हणाला तर त्याला गाडीत बसवून देवासला परत पाठवीन, आणि पुन्हा तोंड बघणार नाही. खरं बोलला की वाचला. देवा, त्याला खरं बोलू दे.

९ डिसेंबर, सकाळ

वास येतोय. स्वयंपाकघरातून —

गहू भाजतंय कुणीतरी.

९ डिसेंबर

यशराज स्वतः कढईपाशी उभा होता. रखवालदाराच्या बायकोला नवी साडी दिली आहे, तिचा मळवट भरलाय. सूप तयार. खण. नारळ. एकच ओटी.

माझी.

मी आता आसरा आहे हे त्याने ओळखलंय. लग्न नाही तर हे. मला ओटी नाकारता येणार नाही — तार, भिंतीकडे तोंड, वर्षामागून वर्षं —

अक्का दारात हात जोडून उभ्या.

विचारलं. सगळ्यांसमोर. तुला माहीत होतं?

हसला. किती छान हसतो. म्हणाला, काय माहीत होतं? मी म्हटलं, गहू कशाला भाजतोयस? म्हणाला, लाडू करू, तुझ्यासाठी.

लोणचं मुरलं.

म्हटलं, लाडू नंतर. ओटी पण नंतर. आधी माझ्याबरोबर अंघोळ कर, बावडीत, फक्त आपण दोघं. त्याचे डोळे बदलले. हपापलेले. ते खोटं नव्हतं, तेवढं एक खरं होतं — मला दिसलं —

बावडी

वही पायरीवर. पाणी वहीपाशी आलंय, माझ्याकडे बघतंय.

तो वरून येतोय. सदरा काढलाय. त्याच्या खांद्यावर माझ्या दातांची खूण अजून —

विचारतोय, पाणी फार गार आहे का.

मी म्हटलं, नाही रे. ये.

आई खाली हात पसरून — नाही, तिने हात मागे घेतले, तो माझा आहे —

शेवटच्या पायरीवर. हात पुढे करतोय. किती ऊबदार आहे त्याचा हा